एसीचं पाणी घरात गळतंय: पाईप स्वतः साफ करावा, सर्व्हिस बोलवावी की पाईपच बदलावा?

एसीखालच्या भिंतीवर ओघळ दिसला की बहुतेक घरांतून पहिला फोन सर्व्हिसवाल्याला जातो. तो येतो, जेट पंपाने कॉइल, म्हणजे एसीतली हवा गार करणारी पात्यांची नळी, धुतो, पैसे घेऊन जातो. काही ठिकाणी प्रश्न तिथेच मिटतो. पण कित्येक घरांत महिन्या-दीड महिन्यात पुन्हा पलंगाशेजारी बादली येते आणि पुन्हा तोच फोन. त्यात सर्व्हिसवाल्याची लबाडी असतेच असं नाही. आपण पाईपच्या दुखण्यावर कॉइलचं औषध मागत असतो.

ड्रेन, म्हणजे एसीचं पाणी बाहेर नेणारा पाईप, तुंबला तर आपल्यापुढे मुख्यतः तीन मार्ग असतात: घरच्या घरी पाईप मोकळा करणं, मेकॅनिककडून युनिट धुऊन घेणं आणि पाईपची लाईनच नव्याने टाकणं. यातला स्वस्त कोणता, हे नंतर बघावं. पाणी नेमकं कुठे अडलंय ते आधी कळलं पाहिजे.

दीड टनाचा स्प्लिट एसी पावसाळी दमट हवेत तासाला साधारण एक ते दोन लिटर पाणी काढतो. रात्रभरात अर्धी-पाऊण बादली सहज होते. हे सगळं कॉइलखालच्या अरुंद ट्रेमध्ये उतरतं आणि तिथून जेमतेम बोट जाईल एवढ्या पाईपमधून निव्वळ उताराच्या जोरावर बाहेर पडतं. साध्या स्प्लिटमध्ये या पाण्याला ढकलणारा पंप वगैरे काही नसतो. म्हणून थोडासा गाळ किंवा पाईपला पडलेला एखादा झोळही पुरेसा होतो.

आधी गळती वाचा

पाणी कुठून पडतंय यावरून निम्मा उलगडा होतो. युनिटच्या एका कोपऱ्यातून संथ धार लागली असेल तर ट्रे भरलाय, म्हणजे पुढे पाईप अडलाय किंवा युनिट उलट्या बाजूला कललंय. हवेबरोबर थेंब उडत असतील तर कॉइलच्या मागची पन्हळ मळाने भरलेली असण्याची शक्यता जास्त. युनिटच्या मागून भिंत ओली होत असेल, रंगाला फुगे आले असतील, तर भिंतीतला सांधा निसटलाय. आणि कॉइलवर बर्फ जमून तो वितळताना पाणी पडत असेल, तर पाईपचा काही दोष नाही. तिथे हवेची जाळी (फिल्टर) मळली आहे किंवा गॅस कमी झालाय.

एक फुकटची तपासणीही आहे. पाईपचं बाहेरचं टोक बादलीत किंवा कॅनमध्ये सोडलं असेल, तर ते पाण्यात बुडालंय का ते बघा. टोक बुडालं की पाईपमध्ये हवा कोंडते आणि पाणी पुढे सरकत नाही. टोक वर उचलल्यावर भळकन पाणी आलं, तर तुमचा खर्च शून्य.

तसं नसेल तर एमसीबी बंद करा, पुढचं झाकण उघडून जाळ्या काढा आणि बाटलीने अर्धा लिटर पाणी कॉइलच्या पात्यांवर अगदी हळूहळू सोडा. बहुतेक मॉडेलमध्ये उजव्या बाजूला वायरिंग आणि सर्किट असतं, तिकडे थेंबही जाऊ देऊ नका. दुसऱ्या माणसाला बाहेरच्या टोकाशी उभं करा. पाणी लगेच आणि सलग आलं तर पाईप मोकळा आहे. थेंब थेंब आलं किंवा आलंच नाही, तर पाईप तुंबलाय.

घरी साफ करायचा असेल तर

मोकळं करण्याच्या घरगुती युक्त्या चार प्रकारच्या: ओढणं, फुंकणं, औषध ओतणं आणि तार घालणं. त्यांत ओढणं हीच मला खात्रीची वाटते. ओलं-कोरडं दोन्ही खेचणारा व्हॅक्यूम गाडी साफ करायला म्हणून आता बऱ्याच घरांत असतो. त्याची नळी पाईपच्या बाहेरच्या टोकाला लावायची, सांध्याभोवती ओलं फडकं घट्ट गुंडाळायचं आणि एक-दोन मिनिटं चालू ठेवायचं. पाईपमध्ये अडकलेला राखाडी, जेलीसारखा लिबलिबीत गोळा बाहेर येतो. धूळ, बुरशी आणि जंतूंचा तो थर असतो. एकदा बघितलात की आपण काय हवेशीर खोलीत झोपत होतो ते कळतं. त्यानंतर वरून पुन्हा पाणी सोडून धार सलग येते का ते पाहायचं. केर काढायचा साधा व्हॅक्यूम मात्र यासाठी वापरू नका. पाणी मोटरमध्ये गेलं तर मशीन जाईल आणि शॉक बसण्याचीही भीती आहे.

फुंकण्याचा मार्ग सोपा वाटतो, म्हणून तोच सगळ्यात जास्त वापरला जातो: सायकलचा पंप, ब्लोअर, नाहीतर सरळ तोंड. यात दोन अडचणी आहेत. एक म्हणजे गाळ बाहेर न येता उलटा ट्रेमध्ये जातो आणि थोड्या दिवसांत परत त्याच जागी येऊन बसतो. दुसरी जास्त गंभीर आहे. युनिटची आखूड नळी आणि पुढचा पाईप यांचा जोड युनिटच्या मागे असतो, आणि बऱ्याच ठिकाणी तो नुसता दाबून बसवून वर टेप गुंडाळलेला असतो. हवेचा जोर जास्त झाला की तो जोड सुटतो. मग बाहेरून सगळं ठीक दिसतं आणि पाणी भिंतीत मुरत राहतं. हवा मारायचीच असेल तर हलक्या हाताने, आणि नंतर भिंतीवर आठवडाभर लक्ष ठेवून. तोंडाने तर नकोच, आत काय असतं ते वर सांगितलंच आहे.

औषधांबद्दल नेटवर खूप व्हिडिओ आहेत. त्यातले पुष्कळसे अमेरिकेतल्या सेंट्रल एसीचे असतात. तिथे ड्रेन लाईनला टोपीवाला उभा तुकडा असतो, टोपी काढून व्हिनेगर ओतलं की ते थेट पाईपमध्ये जातं. आपल्या भिंतीवरच्या स्प्लिटला अशी वाट नसते. आपण वरून जे ओतू ते आधी ॲल्युमिनियमच्या पात्यांवर आणि तांब्याच्या कॉइलवर पडणार. ब्लीच आणि संडास साफ करायचं ॲसिड दोन्ही या धातूंना खातात. शिवाय ही दोन एकत्र आली तर क्लोरीन वायू तयार होतो, आणि बंद बेडरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. उकळतं पाणीही नको, प्लास्टिकचा पाईप मऊ पडून वाकतो. कोमट पाणी पुरतं.

तार घालणं मी सुचवणार नाही. लवचीक पाईपच्या वळ्यांत तार अडकते आणि जोर लावला की पाईपला भोक पडतं. अपवाद बाहेरच्या टोकाचा. तिथे कुंभारीण माशीने मातीचं घर केलं असेल तर ते काडीने कोरून काढता येतं.

हे सगळं तेव्हाच, जेव्हा पाईपचं टोक बाल्कनीत, गच्चीवर किंवा बाथरूममध्ये हाताशी आहे. ते सातव्या मजल्याच्या डक्टमध्ये लोंबत असेल तर खिडकीतून वाकून काहीही करायचं नाही. तिथे सुरक्षा पट्टा लावून काम करणारा माणूसच हवा.

मेकॅनिकची सर्व्हिस

साध्या वेट सर्व्हिसला पुण्या-मुंबईकडे सध्या पाचशे ते आठशे रुपये पडतात. यात जाळ्या, कॉइल आणि ट्रेचा पुढचा भाग धुतला जातो. थेंब हवेबरोबर उडत असतील, गारवा कमी झाला असेल किंवा वास येत असेल, तर हाच मार्ग बरोबर. घरगुती उपायाने कॉइलमागची पन्हळ साफ होत नाही, आणि पुढून मारलेला जेटही तिथे नीट पोहोचत नाही. त्यासाठी युनिट उघडून आतला ब्लोअर, म्हणजे हवा फेकणारा पंखा, काढावा लागतो. तसं सांगून काम घ्या, पैसे थोडे जास्त पडतील.

पाईपसाठी बोलावत असाल तर फोनवरच स्पष्ट सांगा: नुसती सर्व्हिस नको, ड्रेन तुंबलाय. काम झाल्यावर ट्रेमध्ये पाणी टाकून बाहेर धार दाखवायला लावा. ही धार न बघता पैसे देऊ नयेत असं माझं ठाम मत आहे. बरेच चांगले मेकॅनिक न सांगता दाखवतात.

पाईप बदलणं

एकाच उन्हाळ्या-पावसाळ्यात दोनदा साफ करूनही पाणी गळालं, तर तिसऱ्या सर्व्हिसचे पैसे बाजूला ठेवा आणि लाईन बघा. अशा ठिकाणी दोष बहुधा उताराचा असतो. फिटिंगच्या वेळी स्वस्तातला वळ्यावळ्यांचा लवचीक पाईप टाकलेला असतो. मधल्या आधाराअभावी तो लोंबतो, झोळात पाणी साचून राहतं आणि तिथेच तो बुळबुळीत थर धरतो. कितीही वेळा धुतलं तरी झोळ जात नाही.

नवी लाईन कडक पीव्हीसीची घ्या. दर मीटरला किमान एक सेंटिमीटर उतार हवाच, जागा असेल तर दोन घ्या. काटकोनी एल्बोऐवजी दोन अर्धी (४५ अंशांची) वळणं द्या. आणि अमेरिकन पद्धतीतली एक गोष्ट जरूर उचलण्यासारखी आहे: वळणावर टोपी असलेला टी (तीन तोंडांचा जोड) बसवा, म्हणजे पुढच्या वेळी साफ करायला वाट राहील. पाईप खोलीतून किंवा फॉल्स सीलिंगमधून जात असेल तर त्यावर फोमची नळी चढवून घ्या. आतलं पाणी थंड असल्याने उघड्या पाईपला बाहेरून घाम येतो, आणि तो ठिबकला की लोक त्यालाच गळती समजतात. टोक बाथरूममध्ये न्यायचं असेल तर नहाणी ट्रॅपच्या (जमिनीतल्या सांडपाण्याच्या जाळीच्या) वर मोकळं सोडा. थेट ड्रेनेजच्या पाईपला जोडलं तर घाण वास आणि झुरळं त्याच वाटेने युनिटपर्यंत येतात.

भिंतीवरून उघडा पाईप नेला तर अर्ध्या दिवसात काम होतं. भिंतीत झिरी मारून न्यायचा असेल तर प्लास्टर आणि रंगाचा खर्च मूळ कामापेक्षा मोठा होतो. मला विचाराल तर दिसायला थोडं कमी चालेल, पण पाईप हाताला लागेल असा ठेवा.

मध्ये तुळई आल्यामुळे उतार मिळतच नसेल, तर पाणी उचलणारा छोटा पंप बसवता येतो. त्याला काही हजार रुपये लागतात, थोडा आवाज होतो आणि त्यातही गाळ साचतो. दुसरी वाटच नसेल तेव्हाचा तो उपाय.

तुमच्या गावाची हवा

मुंबई, कोकण, गोव्याकडे हवा बाराही महिने दमट, त्यामुळे पाईप सतत ओला राहतो आणि शेवाळी थर वेगाने धरतो. तिथे दर दोन महिन्यांनी बाहेरून ओढून घेण्याची सवय लावली तर सर्व्हिसच्या फेऱ्या कमी होतात. विदर्भात चित्र उलटं. मे महिन्यात नागपूरला हवा इतकी कोरडी असते की पाईपमधून जेमतेम पाणी येतं. धूळ आत सुकून बसते आणि जूनमध्ये दमट वारा सुटला की एकदम गळती सुरू होते. तिकडे मे अखेरीस बाटलीभर पाणी सोडून पाहिलं तरी बरंच काही वाचतं.

भाड्याच्या घरात असाल तर साफसफाई तुमची, पण लाईन बदलण्याचा खर्च घरमालकाशी बोलूनच ठरवा. फुगलेल्या रंगाचे आणि लोंबणाऱ्या पाईपचे फोटो आधी पाठवा, आणि झिरी मारणार असतील तर ती बुजवण्याआधी पाईपचा मार्ग दिसेल असा एक फोटो काढून ठेवा. पुढे पडदा लावायला भिंतीला ड्रिल करताना तो लागतो.