कार्बन फायबर सीट हीटर किट: पॅड घ्या, टेप आणि फ्यूज बदला

कॅनडात किंवा अमेरिकेच्या उत्तर भागात जुनी गाडी घेतलेल्या मराठी घरांत थंडी सुरू झाली की एक तक्रार हमखास ऐकू येते: ड्रायव्हरची सीट तापत नाही. डीलरकडे गेलं तर पुष्कळ गाड्यांना नुसता हीटर मिळत नाही, फोमला चिकटवलेली अख्खी गादीच घ्यावी लागते. मग ऑनलाइन मिळणारं कार्बन फायबर किट समोर येतं. त्यात दोन सीटांचे चार पॅड, दोन स्विच, रिले (स्विचच्या इशाऱ्यावर मोठा वीजप्रवाह जोडणारा भाग), फ्यूज होल्डर आणि वायरिंग असतं. यातले पॅड खरोखर चांगले आहेत. बाकीच्या सामानावर डोळे मिटून विसंबू नये. आणि बऱ्याच गाड्यांना मुळात या किटची गरजच नसते.

म्हणून आधी मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट आणि ओहम मोजणारा मीटर, काढा. फ्यूज बघून झाला की इंजिन चालू करून बटण दाबा. बटणाचा दिवा लागून काही सेकंदांत आपोआप विझत असेल, तर कंट्रोल मॉड्यूलला, म्हणजे हीटरची वीज चालू-बंद करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्याला, हीटरची तार तुटलेली किंवा तापमानाचा सेन्सर बिघडलेला दिसतोय असं समजा. दिवा टिकतो पण ऊब नाही, अशा वेळी सीटखालचा कनेक्टर पहिला संशयित. बुटांबरोबर आत आलेला बर्फ वितळतो, त्यातलं रस्त्यावरचं मीठ कार्पेटखाली साचतं आणि पिना हिरव्या पडतात. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून, पिना घासून आणि सैल पडलेली पिन किंचित आवळून सीट पुन्हा तापू लागली, तर किटचे पैसे वाचले.

पाठ तापते आणि बैठक थंड राहते, हे लक्षण तर फारच उपयोगाचं. याचा अर्थ दोन्ही हीटर समांतर जोडलेले आहेत, फ्यूज, स्विच, मॉड्यूल ठीक आहेत आणि दोष बैठकीच्या पॅडमध्ये किंवा त्याच्याकडे जाणाऱ्या वायरीत आहे. ज्या गाड्यांत दोन्ही एकामागे एक जोडलेले असतात, तिथे बैठकीची तार तुटली की पाठही थंड पडते.

पुढची मोजणी इंजिन बंद करून, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून आणि किमान दहा मिनिटं थांबून करायची. सीटच्या कुशीत साइड एअरबॅग असते. तिच्या पिवळ्या कनेक्टरला मीटरची टोकं लावू नका. तो कनेक्टर सुटलेला असताना इग्निशन चालू केलं तर एअरबॅगचा दिवा लागतो आणि तो घालवायला गाडीच्या संगणकाला जोडायचा स्कॅनर लागतो. त्यामुळे हीटरच्या कनेक्टरवरच्या व्होल्टेजची तपासणी बॅटरी काढण्याआधीच, सीट जागेवर बोल्टने बसलेली असतानाच, खालून हात घालून उरकून घ्यावी. तिथे मीटरने पाच-सहा व्होल्ट दाखवले तरी दचकू नका. कमी उष्णतेच्या सेटिंगवर बरीच मॉड्यूल वीज तुकड्यातुकड्यांनी सोडतात आणि मीटर त्याची सरासरी दाखवतो.

हीटरच्या कनेक्टरमध्ये बहुधा दोन जाड आणि दोन बारीक वायरी असतात. जाड दोहोंमध्ये काही ओहम इतकाच रोध दिसायला हवा. मीटर अनंत दाखवत असेल तर तार तुटली. बारीक दोन वायरी तापमान सेन्सरच्या. अनेक गाड्यांत तो २५ अंश सेल्सियसला सुमारे १० किलोओहम दाखवतो आणि हेअर ड्रायरची गरम हवा दिली की आकडा सरसर खाली येतो. तो हललाच नाही तर सेन्सर गेला.

तार बहुतेक वेळा एकाच पट्ट्यात तुटते: दाराकडच्या उंचवट्याला लागून, जिथे आत बसताना सारा भार घसरत जातो, किंवा मागे, जिथे पॅड फोमच्या कडेवरून खाली वळतो. मागच्या सीटवरचं सामान काढताना सीटवर गुडघा टेकवण्याची सवयही याला कारणीभूत आहे. एकच तुटका ठिपका असेल आणि आजूबाजूचं कापड पांढरं असेल तर छोटी क्रिंप नळी दाबून तार जोडता येते. नुसत्या सोल्डरवर भागवू नका. स्टीलच्या तारेवर साधं सोल्डर धरत नाही आणि तांब्यावर धरलं तरी सांध्याच्या कडेला तार कडक होऊन पुन्हा तिथेच तुटते. कापड तपकिरी झालं असेल तर तो पॅड फेकून द्यावा. अर्धवट तुटलेल्या तारेने तिथे जाळायला सुरुवात केलेली असते.

असा पॅड फेकावा लागला की किट कामाला येतं. कार्बनच्या धाग्यांतून वीज समांतर वाहते, त्यामुळे एखादा धागा तुटला तरी बाकीचे तापत राहतात. मूळच्या नागमोडी एकाच तारेपेक्षा हा मोठा फायदा. पॅड लांब असेल तर वायरीच्या विरुद्ध टोकाकडून, दिलेल्या खुणेवरच कापायचा. कडेच्या तांब्याच्या पट्ट्यांना कात्री लागता कामा नये. एका सीटचे दोन पॅड मिळून तीन-चार ओहम भरत असतील तर १३.५ व्होल्टवर साधारण साडेतीन ते साडेचार अँपियर, म्हणजे ४५ ते ६० वॉट. सीटला एवढी ऊब पुरते. काही किटांत ‘लो’वर दोन्ही पॅड एकामागे एक जोडले जातात. तेव्हा उष्णता निम्मी नव्हे, पाव होते आणि जाड लेदरखाली ती जाणवतही नाही. घेण्याआधी वायरिंगचा नकाशा पाहून घ्या.

आता उणिवा. पॅड चिकटवायची दुहेरी टेप थंडीत सुटते, पॅड सरकून दुमडतो आणि दुमडलेल्या जागी तापमान चढतं. त्याऐवजी सीटकामाला वापरतात तो स्प्रे गोंद फक्त कडांना मारावा. फ्यूज होल्डर हलका असतो आणि त्यात कधीकधी ३० अँपियरचा फ्यूज घातलेला असतो. दोन सीटांना मिळून नऊ अँपियर लागत असतील तर १५ पुरेसा आहे. रिलेला वीज इग्निशनबरोबर बंद होणाऱ्या जागेवरून द्या, नाहीतर सकाळी बॅटरी उतरलेली सापडेल.

सगळ्यात धोकादायक सल्ला म्हणजे नवा पॅड गाडीच्या मूळ बटणाला जोडा आणि सेन्सरच्या जागी १० किलोओहमचा रेझिस्टर लावा. दिसायला हे नीटनेटकं काम आहे. पण मॉड्यूलला सीट कायम २५ अंशांवरच दिसते, म्हणून ते वीज वेळेवर तोडत नाही. ४४ अंशांना तासन्‌तास टेकून राहिलं तरी त्वचा भाजू शकते. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्या माणसाला ते कळतही नाही. किटचा पॅड किटच्याच स्विचवर चालवा. बसवण्याआधी लाकडी फळीवर सपाट अंथरून, वर घडीची चादर टाकून पंधरा मिनिटं चालवा आणि तिथून हलू नका. पॅडमधला थर्मोस्टॅट वीज तोडतो का ते पाहा. ५० अंशांच्या वर जाऊनही तोडत नसेल तर परत पाठवा.

बसवताना कव्हर धरणाऱ्या तारेच्या हॉग रिंग कापायच्या, नव्या लावायला त्यांची खास पक्कड हवी. फोमच्या खाचेवरून पॅड ताणून नेऊ नका, दोन धाग्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत चीर देऊन तो खाचेत बसू द्या. पाठीच्या बाहेरच्या शिवणीला हात लावायचा नाही, एअरबॅग तिथून फाडून बाहेर येते. बोल्ट गाडीच्या मॅन्युअलमधल्या टॉर्कनेच (दिलेल्या जोराइतकेच) आवळा.

शेजारच्या सीटसाठी मात्र हे किट घेऊ नये. त्या गादीत बहुधा बसलेल्याचं वजन ओळखणारा सेन्सर असतो, काही गाड्यांत तर तो हीटरच्याच चटईत असतो. वर आणखी एक पॅड आला की एअरबॅग लावायची की नाही हा निर्णय चुकू शकतो. तिथे कंपनीचा मूळ भाग आणि डीलरकडून कॅलिब्रेशन (सेन्सर पुन्हा जुळवून घेणं), खर्च जास्त असला तरी.

पहिल्या आठवड्यात ‘हाय’वर अर्धा तास गाडी चालवल्यावर फ्यूज होल्डरला आणि कनेक्टरला हात लावून बघा. कोमट लागले तर चालेल. बोट ठेववत नसेल तर सांधा सैल आहे, तो कापून नव्याने क्रिंप करा.