जुनी डिस्क काढली आणि कॉम्प्युटर सुरूच होईना

मी सहकारनगरला घरून डीटीपीचं काम करते. लग्नपत्रिका, स्मरणिका, दिवाळी अंकांची पानं. माझा जुना डेस्कटॉप इतका रेंगाळायला लागला होता, की बटण दाबून चहा करून आलं तरी विंडोज उघडलेली नसायची. दुखणं हार्ड डिस्कचं होतं, म्हणून शहरातल्या एका दुकानात नेला. दुकानाचं नाव देत नाही, तक्रार चालू आहे.

"मॅडम, नवी 480 जीबीची एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कपेक्षा वेगवान डिस्क, टाकतो. विंडोज, तुमचे फॉन्ट, सगळं जसंच्या तसं तिच्यावर येईल. जुनी डिस्क आत राहू दे, फायली ठेवायला होईल." फॉन्टची लायसन्स पुन्हा टाकायची कटकट नको, म्हणून मला हेच हवं होतं. मजुरीसह 4,600 रुपये दिले. बिल म्हणून हातानं लिहिलेलं एस्टिमेट मिळालं. तिथेच मी चुकले.

वेग खरंच वाढला. दोन महिन्यांनी जुन्या डिस्कमधून टकटक आवाज यायला लागला. फायली दुसरीकडे घेतल्या आणि केबल काढून ठेवली. पुन्हा चालू केलं तर काळा पडदा, विंडोज सुरू करायला (बूट करायला) डिस्कच सापडत नव्हती.

दुकानात नेल्यावर पाच मिनिटांत निकाल लागला: "एसएसडी गेली. कॅबिनेट तुम्ही उघडलंत, आता वॉरंटी नाही. नवी घ्या, आणि डेटा काढायचे 3,500 वेगळे." आठवड्यावर एका स्मरणिकेची छपाई आली होती. मी जवळजवळ हो म्हणाले होते.

पण संध्याकाळी भाचा आला. त्यानं विंडोजच्या पेनड्राइव्हवरून मशीन चालू केलं आणि म्हणाला, "मावशी, ही मेलेली नाहीच. तुझी सगळी विंडोज हिच्यात आहे. सुरू करून देणारा भागच हिच्यावर नाही."

झालं होतं असं. विंडोज जिथे असते ते सी ड्राइव्ह वेगळं, आणि चालू होताना कॉम्प्युटर आधी जिथे बघतो ते छोटं ईएफआय पार्टिशन, म्हणजे डिस्कचा राखून ठेवलेला भाग, वेगळं. ते साधारण 100 एमबीचं असतं आणि माय कॉम्प्युटरमध्ये दिसतही नाही. दुकानदारानं फक्त सी ड्राइव्हची नक्कल केली. छोटा भाग जुन्या डिस्कवरच राहिला, म्हणून दोन महिने रोज सुरुवात त्या मरू घातलेल्या डिस्कवरून होत होती. "जुनी आत राहू दे" हा सल्ला का होता ते तेव्हा कळलं. भाच्यानं सी ड्राइव्हमधून 200 एमबी मोकळे करून तिथे ते पार्टिशन बनवलं, सुरू करून देणाऱ्या फायली तिथे टाकणारी बीसीडीबूट ही आज्ञा दिली, आणि जुन्या डिस्कशिवाय विंडोज उघडली. हे विंडोजमध्येच असतं, त्याला पैसे पडत नाहीत.

मग त्यानं डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो हे सॉफ्टवेअर उघडून दाखवलं आणि माझे हातपाय गार पडले. एसएसडी चाललेले तास 14,000च्या वर. वर्षाचे तास होतात 8,760. मी दिवसाला आठ तास धरले तरी दोन महिन्यांत पाचशेच्या आसपास. म्हणजे कुणाच्या तरी मशीनमध्ये झिजलेली एसएसडी नव्या खोक्यात घालून मला विकली होती. खोक्यावरचा सीरियल नंबर आणि सॉफ्टवेअरमध्ये दिसणारा नंबरही जुळत नव्हता.

दुकानदार म्हणाला, "माल आमच्याकडचाच कशावरून?" पक्कं बिल नव्हतं, पण यूपीआयची नोंद, एस्टिमेट आणि खोकं होतं. ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 नंबरवर तक्रार नोंदवली आहे, उत्तराची वाट बघतेय.

तुम्ही हे काम करून घेणार असाल तर पैसे देण्याआधी त्यांच्याच टेबलावर जुन्या डिस्कची केबल काढायला लावा आणि मशीन चालू करायला सांगा. दोन मिनिटं लागतात. चाललेले तास तिथेच बघा. नव्या एसएसडीवर ते अगदी थोडे असतात. आणि सीरियल नंबर लिहिलेलं जीएसटी बिल हातात पडेपर्यंत मोबाइल खिशातून काढू नका.