भांड्यांच्या दुकानाचं बिलिंग सॉफ्टवेअर: काम झकास, लायसन्सचा पत्ता नाही

काकांच्या दुकानात (भांडी बाजार, नाशिक) दिवाळीच्या आधी हे बसवलं, इथल्याच एका छोट्या कंपनीचं आहे, नाव नको घ्यायला. आधी चांगलं सांगतो. तांबं-पितळ वजनावर आणि स्टील नगावर, दोन्ही एकाच बिलात नीट येतं, जुन्या भांड्यांची मोड वजा होते, बिल मुक्ता फॉन्टमध्ये सुटसुटीत छापलं जातं आणि नेट गेलं तरी काही अडत नाही. काका कॉम्प्युटरला हात लावायचे नाहीत, आता गर्दीतही पटापट बिलं काढतात. पैसे वसूल.

आता तक्रार. मी कोडिंगवाला, म्हणून सवयीने इन्स्टॉल फोल्डर उघडला. विक्रीचे ग्राफ अपाचे ईचार्ट्सचे, बटणं-टेबलं बूटस्ट्रॅपची, डेटा एसक्यूलाइटमध्ये, म्हणजे तिन्ही दुसऱ्यांनी लिहून सगळ्यांना वापरायला दिलेले ओपन सोर्स कोड. यात वाईट काहीच नाही, उलट शहाणपणाच आहे, पण लायसन्सची, म्हणजे हे कोड कोणत्या अटींवर वापरायचे त्या मजकुराची, एक फाइल नाही! अबाउटमध्ये फक्त "ऑल राइट्स रिझर्व्ड" आणि खाली एक लिंक, ती उघडली तर ४०४, म्हणजे पानच सापडत नाही. अरे, ऑफलाइन चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये लिंक देऊन काय उपयोग?

एसक्यूलाइट पब्लिक डोमेन आहे, म्हणजे त्यावर कुणाचा कॉपीराइटच नाही, त्याचं सोडा. बूटस्ट्रॅपचं एमआयटी लायसन्स जेमतेम तीन पॅराचं, त्यात मागणी एकच, कॉपीराइटची ओळ आणि परवानगीचा मजकूर प्रत्येक कॉपीसोबत ठेवा, आणि यांनी फाइल मिनिफाय करताना, म्हणजे आटवून लहान करताना, वरची कमेंटसुद्धा उडवली. ईचार्ट्सच्या अपाचे २.० लायसन्समध्ये तर कलम ४ सरळ सांगतं की लायसन्सची प्रत द्या, मूळ प्रोजेक्टमध्ये नोटिस फाइल (श्रेय कुणाचं ते सांगणारी) असेल तर तिच्यातली लागू होणारी माहितीही द्या. मुक्ता फॉन्ट ओएफएल या फॉन्टसाठीच्या ओपन लायसन्सखाली आहे, तिथे टेक्स्ट फाइल ठेवा नाहीतर सहज दिसेल अशा मेटाडेटात (फाइलीच्या आतल्या माहितीत) टाका, इतकी मोकळीक आहे. लिनक्स या ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलमध्ये (गाभ्यात) बघा, सोर्स फाइलीत लायसन्सचं फक्त छोटं नाव सांगणारी एसपीडीएक्सची एक ओळ असते पण पूर्ण मजकूर लायसन्सेस फोल्डरमध्ये सोबतच मिळतो.

सपोर्टला फोन केला. पोरगा आदबीने बोलला, पण म्हणे "सर, ओपन सोर्स फ्रीच असतं ना?" त्याला काय बोलणार, शिकवलंच नसेल कुणी. वरच्या साहेबांनी पुढच्या अपडेटमध्ये टाकतो म्हटलंय, अपडेट येऊन गेलं, फोल्डर तसाच.

बिलिंगला पाचपैकी साडेचार, एकूण तीन. घेणार असाल तर डेमोलाच लायसन्सची फाइल दाखवायला सांगा, चार गिऱ्हाइकांनी मागितली की टाकतील.