जिम्नी की थार? भातखाचरांतून किनाऱ्यापर्यंत एका दिवसासाठी

पुण्याहून ताम्हिणी उतरून माणगाव, म्हसळामार्गे दिवेआगरला कुठलीही हॅचबॅक जाते. फोर बाय फोरचा, म्हणजे चारही चाकांना जोर देणाऱ्या गाडीचा, प्रश्न येतो तो शेवटच्या पाच-सात किलोमीटरांत, डांबर सोडून पाणंद धरली की. तिथे मारुती जिम्नी घ्यावी की तीनदारी महिंद्रा थार?

इथे ताकदीपेक्षा रुंदी आणि वजन महत्त्वाचं. पाणंदीच्या दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे असतात. जिम्नी 1645 मिलिमीटर रुंद आहे, थार 1820. हा फरक वीतभराहून जरा कमी, पण समोरून ट्रॅक्टर आला की तेवढ्यावरच ठरतं की बाजूला दबायचं की दोनशे मीटर रिव्हर्स घ्यायचा. वजनाचंही तसंच. जिम्नी साधारण 1200 किलो, थार पावणेदोन टनांच्या आसपास. ऑक्टोबर-नोव्हेंबरात भात कापलेलं खाचर वरून भेगाळलेलं, कोरडं दिसतं आणि खाली लोणी असतं. उतरून टाच दाबून बघा. दोन बोटांहून खोल गेली तर थार तिथे नेऊ नका, जिम्नीही जपून. आणि कापणी झाली म्हणजे शेत मोकळं, असं समजू नका. रायगडात त्याच ओलीवर वाल पेरतात. शेतमालकाला विचारल्याशिवाय खाचरात चाक घालायचंच नाही.

बांध आडवा आला की बाजी थारकडे जाते. पाचदारी जिम्नीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, 2590 मिलिमीटर, थारचा 2450. शिवाय थारचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे पोटाची जमिनीपासूनची उंची, 226, जिम्नीचा 210. म्हणून उंच बांधावर जिम्नीचं पोट आधी टेकतं. बांध तिरका घ्या, एकेक चाक चढवत. मग तिरप्या कोपऱ्यांतली दोन चाकं हलकी होऊन फिरायला लागतात. जिम्नी फिरत्या चाकाला आपोआप ब्रेक लावून जोर दुसऱ्याकडे देते, पण त्यासाठी अॅक्सिलरेटर स्थिर धरावा लागतो. चाक फिरलं की घाबरून पाय काढणं ही नेहमीची चूक. थारच्या काही प्रकारांत मागचा डिफरेन्शियल (दोन चाकांत जोर वाटणारी गिअरची जुळणी) यांत्रिकरीत्या लॉक होतो, म्हणजे दोन्ही चाकं एकत्रच फिरतात. ते काम जास्त खात्रीचं.

ओहोळात थारला कंपनीनेच 650 मिलिमीटरपर्यंतची मर्यादा दिली आहे. जिम्नीचं चाक लहान, तेव्हा फूटभराच्या वर पाणी असेल तर दुसरी वाट बघा.

थार भाड्याने घेताना गिअरच्या शेजारी फोर बाय फोर लावायचा दुसरा दांडा आहे ना, हे आधी पाहा. दीड लिटर डिझेलची थार दिसायला तशीच, पण जोर फक्त मागच्या चाकांना.

दोन्ही गाड्यांत सेंटर डिफरेन्शियल नाही, म्हणजे फोर बाय फोरमध्ये पुढची आणि मागची चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरू शकत नाहीत. डांबर लागलं की फोर-एच (चारही चाकांना जोर) काढून टू-एच (फक्त मागच्या चाकांना) करा. नाहीतर वळणावर गाडी अडकल्यासारखी होते आणि ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढे-मागे जोर वाटणाऱ्या गिअरपेटीवर, ताण येतो. चिखलाआधी टायरची हवा 18 ते 20 पीएसआयवर आणा. 15 च्या खाली टायर रिममधून निसटू शकतो. परत भरायला बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर हवाच, आणि थारच्या रुंद टायरांना वेळ जास्त लागतो. रुतल्यावर दोर टो हुकलाच बांधायचा, अॅक्सल किंवा टाय रॉडला नाही. जिम्नी बहुतेक वेळा चार माणसांच्या धक्क्याने निघते, थारला ट्रॅक्टर शोधावा लागतो.

घाटात मात्र जिम्नी दमते. 134 न्यूटन मीटर टॉर्क, चार माणसं आणि एसी म्हणजे चढावर दुसरा गिअर. 2.2 लिटर डिझेल थार 300 न्यूटन मीटरवर आरामात चढते. पण मागे आजी बसणार असतील तर थार नको. पुढची सीट पाडून आत शिरणं गुडघ्यांना झेपत नाही.

एकूण, चार माणसं आणि अरुंद पाणंद असेल तर जिम्नी. दोघंच जाणार असाल आणि वाटेत ओहोळ, उंच बांध असतील तर थार.

पुळणीवर दोन्ही नकोत. भरतीच्या रेषेखालची ओली वाळू चाकाखाली पाण्यासारखी सुटते, गाडी नेल्यास गुन्हाही दाखल होतो, आणि दिवेआगरला त्याच किनाऱ्यावर, भरतीच्या रेषेवरच्या वाळूत कासवं अंडी घालतात. गाडी सुरूच्या बनाअलीकडे लावा, आणि घरी पोचलात की त्याच रात्री खालून गोड्या पाण्याने धुवा, विशेषतः ब्रेकच्या मागची बाजू.