पंप बरा, तरी पैसे पंपाचे : बोटीच्या इंजिनाच्या दुरुस्तीत झालेली फसवणूक

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिकी नौकांना मासेमारी बंद असते. बंदी उठली की दोन महिने उभी राहिलेली इंजिने सुरू होताना अडतात आणि हंगामाचा एकेक दिवस मोलाचा असल्याने फिटर मागेल ती रक्कम मालक मुकाट्याने देतात. हर्णै बंदरात आमच्या दोन सिलिंडरच्या बोटीबाबत घडलेला प्रकार त्याच दिवसांतला आहे.

सेल्फ मारल्यावर इंजिन जोरात फिरत होते, पण धरत नव्हते, आणि सायलेन्सरमधून धूर अजिबात निघत नव्हता. अशा वेळी डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचत नाही असे समजावे. पांढरा धूर येत असेल, तर ते पोहोचते पण जळत नाही. बोलावलेल्या फिटरने टाकी, फिल्टर, पाइप यांपैकी कशालाही हात न लावता पंप, म्हणजे दाबाने डिझेल पुढे पाठवणारा भाग, गेल्याचे जाहीर केले, पंप व सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारी नोझल काढून नेली आणि नवे एलिमेंट (पंपातला दाब तयार करणारा भाग) व नवी नोझल बसवल्याचे सांगून अडतीस हजार रुपये घेतले. इंजिन लगेच सुरू झाले, त्यामुळे कोणालाच शंका आली नाही.

खरी मेख इथेच होती. पंप पुन्हा बसवताना डिझेल लाइनमधील एअर, म्हणजे अडकलेली हवा, काढावीच लागते. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल पुढे ढकलणारा छोटा हातपंप मारायचा आणि मग नोझलकडे जाणाऱ्या पाइपांचे नट सैल करून सेल्फ मारायचा. इंजिन एअरमुळेच अडले असेल, तर ते या थोड्या वेळाच्या कामाने सुरू होते आणि श्रेय नव्या पंपाला जाते. आमचे इंजिन समुद्रात पुन्हा बंद पडले, कारण टाकीकडून येणारा रबरी पाइप क्लिपजवळ चिरला होता. या बाजूला पंप डिझेल ओढत असल्याने चिरेतून डिझेल गळत नाही, उलट हवा आत शिरते. म्हणून चीर सहसा नजरेत येत नाही.

दुसऱ्या, वयस्क फिटरने ती चीर शोधली आणि फिल्टरच्या वाटीत साचलेले पाणीही काढले. पहिल्याने ‘तुमची जुनी’ म्हणून परत दिलेली नोझल टोकाला पिन असलेली होती, तर आमच्या इंजिनाला बारीक भोकांची नोझल लागते. पंपाचे जुने सील तसेच होते, म्हणजे तो उघडलाच नव्हता, वरून फक्त रंग फिरवला होता.

पंप उतरवू देण्यापूर्वी स्वच्छ डिझेलचा कॅन उंचावर ठेवून त्यातून वेगळ्या, शक्यतो पारदर्शक पाइपने थेट पंपाला डिझेल द्यावे आणि एअर काढून सेल्फ मारावा. इंजिन नीट चालले, तर दोष पंपाच्या अलीकडे, म्हणजे टाकी, पाइप किंवा फिल्टर यांत आहे. ही चाचणी करायला नकार देणाऱ्या फिटरकडे पंप सोपवू नये. तरीही पंप द्यावाच लागला, तर त्याच्या पट्टीवरील क्रमांकाचा व नोझलवरील खुणांचा फोटो काढावा आणि टेस्ट बेंचवरचा, म्हणजे पंप तपासण्याच्या यंत्रावरचा, अहवाल मागावा.

बिलावर सुट्या भागांचे क्रमांकही हवेत. आम्हाला मिळाली ती नुसती आकडा लिहिलेली चिठ्ठी, आणि तेवढ्यावर काही सिद्ध करता आले नाही. वास्तविक स्वतःच्या उपजीविकेसाठी बोट चालवणाऱ्याला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. त्यासाठी मुदत दोन वर्षांची आहे.