जयपूर फूट: सहा वर्षं रोज वापरून झाल्यावर

माझा डावा पाय गुडघ्याखालून गेला, फलाट आणि लोकल यांच्या मधल्या फटीत. मी लालबागला राहते, पोळी-भाजीचे डबे करते. पाट घेऊन खाली बसायचं आणि दिवसाला दीडशे पोळ्या लाटायच्या, हे माझं पोट.

पहिला कृत्रिम पाय एका दुकानातून पैसे भरून घेतला. दिसायला सुबक, पण घोटा ताठ. बुटाशिवाय चालता येईना, आणि आमच्याकडे चपला दाराबाहेर. मांडी घालता येईना, मोरीत उकिडवं बसणं तर लांबच. पाच महिने मी ओट्याला टेकून उभ्याने लाटलं. रात्री कंबर धरायची.

मग शेजारच्या काकूंनी जयपूर फूट या कृत्रिम पायाच्या मुंबईतल्या केंद्रात नेलं. सकाळी स्टंपचं, म्हणजे गुडघ्याखाली उरलेल्या पायाचं, प्लास्टरने माप घेतलं आणि त्यावरून साचा केला. शेतात पाणी नेणाऱ्या पाइपचं असतं तसलंच एचडीपीई नावाचं टणक प्लास्टिक, भट्टीत मऊ करून त्या साच्यावर ओढलं. संध्याकाळी मी चालत खाली उतरले. पैसे घेतले नाहीत.

पाऊल हातात घेऊन बघितलं होतं. आत टाचेला आणि चवड्याला स्पंजसारखं रबर, घोट्याला लाकडाचा ठोकळा, वरून कातडीच्या रंगाचं रबर, आणि सगळं साच्यात घालून टायरसारखं व्हल्कनाइझ केलेलं, म्हणजे तापवून पक्कं केलेलं. म्हणून ते वर वळतं, बाजूलाही थोडं झुकतं. त्या रात्री मी खाली बसून भाकरी थापली. हात पिठात होते म्हणून डोळे पुसता आले नाहीत.

हे पाऊल १९६८ च्या सुमारास जयपूरच्या सवाई मानसिंग हॉस्पिटलात घडलं. कारागीर रामचंद्र शर्मा आणि हाडांचे डॉक्टर प्र. क. सेठी यांनी मिळून ते केलं. आपली माणसं कशी बसतात, कशी अनवाणी चालतात, हे आधी बघितलं आणि मग रबर कापलं. १९७५ मध्ये द. रा. मेहता यांनी भगवान महावीर विकलांग सहायता समिती काढली आणि ते फुकट द्यायला सुरुवात झाली.

माझं माप घेणारे दादा स्वतः हाच पाय लावतात. ते शिबिरासाठी काबूलला जाऊन आलेत. तिथे सुरुंगाने पाय गेलेले शेतकरी रांगेत होते. पहिला प्रश्न चालण्याचा नव्हताच, म्हणाले, "नमाजाला बसता येईल का?" असा होता. मी म्हटलं, दादा, मी पोळ्यांचं विचारलं होतं, तसंच की! युद्धात कारखाने, रस्ते, वीज सगळं जातं. तिथे परदेशातून सुटा भाग मागवावा लागणारा पाय काय कामाचा? पाइप, भट्टी, प्लास्टर आणि शिकलेला हात असला की हा उभा राहतो. काबूलच्या रेड क्रॉसच्या केंद्रातही बहुतेक कामगार स्वतः अपंगच आहेत. ज्याचा पाय गेला तोच दुसऱ्याचा पाय बसवतो. उद्ध्वस्त गावात माणूस परत कामाला लागायचा तर मला यापेक्षा चांगली रीत दिसत नाही.

खोट सांगते. सॉकेट, म्हणजे स्टंप ज्यात बसतो तो प्लास्टिकचा भाग, मे महिन्यात तापतं. घामाने स्टंप सोलवटतो, सुती मोजा दोनदा बदलावा लागतो. पावसात आत पाणी गेलं की पचपच होते. पाऊल दोन-अडीच वर्षांत झिजतं. गुडघ्याच्या वरून पाय गेला असेल तर माझ्या अनुभवावर जाऊ नका. त्यांच्यासाठी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांबरोबर केलेला वेगळा गुडघा आहे, त्याची चौकशी करा.

गुडघ्याखालच्यांनी बिनधास्त जा. जाताना सैल परकर किंवा हाफ पँट घाला, माप घेताना सोपं जातं, आणि डबा न्या, दिवस जातो. माझ्या अंगठ्याखालच्या रबराला आता चीर गेलीय. मंगळवारी डबे लवकर उरकून नवीन पाऊल बसवायला जाणार आहे.