मेहुण्याला टीएमटी, आत्याला स्ट्रेस इको: असं का?

गेल्या महिन्यात घरात हृदयाच्या तपासणीच्या दोन चिठ्ठ्या आल्या. मेहुण्याला टीएमटी, म्हणजे पट्ट्यावर चालवून काढलेला ईसीजी; आत्याला स्ट्रेस इको, म्हणजे हृदयावर ताण देऊन केलेली त्याची सोनोग्राफी. आत्याचा सवाल एकच: "त्याला स्वस्तातली अन् मला महागातली का?"

मेहुणा 48 वर्षांचा, रोज पहाटे इथं सोलापुरात कंबर तलावावर फेऱ्या मारणारा. बसल्या जागी काढलेला ईसीजी स्वच्छ. अशाला टीएमटी पुरते. छातीला वायरी लावून पट्ट्यावर चालायचं. दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ वाढतो. 220 मधून वय वजा करून उरलेल्याच्या 85 टक्क्यांपर्यंत नाडी न्यायची, म्हणजे त्याची 146. तिथवर गेलीच नाही, तर नॉर्मल रिपोर्टला फारसा अर्थ नाही.

आत्या 63 वर्षांची, साखर आहे आणि गुडघे जिना चढू देत नाहीत. पट्ट्यावर ती दोन मिनिटंही टिकली नसती. तिला आडवं झोपवून सलाईनमधून डोब्युटामिन हे नाडी वाढवणारं औषध देतात, डोस टप्प्याटप्प्यानं वाढवतात आणि सोनोग्राफीसारख्या मशीनवर हृदयाच्या भिंती बघतात. रक्त कमी पडलेल्या भागाची भिंत नीट आकसत नाही, आणि हे ईसीजी बदलायच्या आधी दिसतं. आत्याचं उभं आयुष्य मागावर गेलं, म्हणून तिला सांगितलं: ईसीजी म्हणजे आवाजावरून मागाचा बिघाड ओळखणं, इको म्हणजे धोटा पळताना बघणं. लगेच पटलं. औषधानं छाती धडधडते. बंद केलं की काही मिनिटांत उतरते.

बायकांमध्ये टीएमटी दोष नसताना पॉझिटिव्ह यायचं प्रमाणही जास्त. आणि मुळातच ईसीजी बिघडलेला असेल, पेसमेकर असेल, तर टीएमटीचा कागद वाचता येत नाही.

चालू शकणाऱ्यांची स्ट्रेस इको पट्ट्यावरही होते. पण थांबल्यावर मिनिट-दीड मिनिटात डाव्या कुशीवर झोपवून चित्रं घ्यावी लागतात, म्हणून हात सरावलेला हवा. पुण्याला पळण्याआधी इथंच विचारा, चित्रं कोण बघणार, किती वेळा केलंय. लठ्ठ किंवा दमेकरी माणसाची चित्रं धूसर येतात, तेव्हा डॉक्टर वेगळी तपासणी सुचवतील.

"मागच्या वर्षीची टू डी इको नॉर्मल होती की," हे कुणी सांगू नये. ती आरामातल्या हृदयाची; ब्लॉकेज असूनही चांगली येऊ शकते. आणि बसल्या जागी छातीत दुखत असेल तर यातली कुठलीच तपासणी नाही, तडक कॅज्युअल्टी.

बीपीची गोळी चालू असेल तर आधी विचारा. मेटोप्रोलॉलसारख्या गोळ्या नाडी चढू देत नाहीत. आत्यानं विचारलं, म्हणून तिची तारीख दोन दिवस पुढं गेली.